हावभाव

३ फेब्रु., मंगळवार
पहिल्या बसनं नागपूर. सूनबाईला, माधुरीला, डॉक्टरांना दाखवलं. औषधं तीच. वाटभर ती खिडकीला डोकं टेकून. तिथल्या समुपदेशक मॅडमनी मला बाजूला घेतलं. "आई अशी उदास असली की लेकराचाही आनंद आटतो. नातीच्या मनात आनंदाचे भाव रुजवा, आजोबा." म्हटलं, मास्तर होतो मी, जन्मभर तेच केलं.

५ फेब्रु., गुरु.
नातीकडून, मनूकडून, पाखरांची कविता बसवून घेतली. हावभावासहित. तळवे उघडे, डोळे मोठे, दात दिसलेच पाहिजेत. लहानपणी मोहगावच्या शाळेत आम्ही कविता अशाच म्हणायचो, छपराच्या कवेलूंच्या फटीतून ऊन पाटीवर पडायचं, अन् गुरुजी डोळे मिटून... कितीतरी वेळ तिथंच होतो. मनू हाका मारून राहिली होती म्हणे.
तिला सांगितलं, रोज आईसमोर हसत म्हण. आई बरी होईन.

८ फेब्रु., रवि.
पोरगी रोज म्हणते. माधुरीचं तोंड भिंतीकडे. प्रशांत चिडला, "बाबा, घरात गॅदरिंग लावलं काय?" पोटचा पोरगा, पण अरसिक.

१० फेब्रु., मंगळ.
माधुरी आज अंघोळीलाही उठली नाही. मनू आरशासमोर, बोटांनी ओठ ताणून.
"आबा, मी हसून राहिली, तरी आई उठून नाही राहिली. माह्ये दात कमी दिसते का?"
समोरचे दोन पडलेत तिचे.
जेवलो नाही. शेजारचे 'गुरुजी, नमस्कार' म्हणाले, मान वर झाली नाही.

११ फेब्रु., बुध.
मॅडमना फोन. सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "आईला बरं करणं तिचं काम नाही. तिला ज्यात खरी मजा येते, तिथं नुसतं सोबत राहा. शिकवू नका."
तिला कशात मजा येते? बसून आठवलं. सात वर्षांची नात घरात, अन् मला माहीत नाही.

१५ फेब्रु., रवि.
मनूला बागेत नेलं. संत्र्याचा तोडा सुरू, मजूर फळं उतरवत होते. तिनं साल चिमटून रस माझ्या चष्म्यावर उडवला. "झोंबलं का, आबा?" मीही चिमटलं, माझ्याच नाकावर उडालं. "तुमाले तं येतच नाही," म्हणत खाली बसून हसली. हात कुठे, केस कुठे, भान नाही.
मग एकदम थांबली. "हे आईले करून दाखवू?"
"नाही बेटा. आईले डॉक्टर पाहून राहिले. हे तुह्यं तुलेच."
"मंग आई बरी नाही झाली तं?"
मी सालं गोळा करायला लागलो. ती माझ्याकडे बघतच होती.