शिवण बाहेरच्या बाजूला

५ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तू सुट्टी संपवून गेलीस आणि घर उगाच मोठं वाटायला लागलं. तुझ्या दादाने दोन दिवस तुझ्या खोलीतला दिवा जळत ठेवला. विचारलं तर म्हणाला, विसरलो. त्याचं विसरणं मला ठाऊक आहे.

आता मुख्य बातमी. भिंगरीची कातडी निवळली. कोपरांच्या खळग्या, गुडघ्यांच्या मागची बाजू, जिथे दोन वर्षं लाल आणि चिरलेलं होतं, तिथे आता नुसता काळसर डाग आहे. रात्रभर खाजवून चादरीला रक्ताचे ठिपके पाडणारी पोर आता सकाळी हलवून उठवावी लागते. परवा तिला गाढ झोपलेली बघून मी दारात नुसती उभी राहिले.

गुण कशाचा, ते मी सांगते. तू इथे होतीस तेव्हाच मी तिला ती बनियनं शिवली ना, मऊ सुती, शिवण बाहेरच्या बाजूला, गळ्याशी लेबल नाही, तेव्हापासून हा फरक आहे. दुकानात येणाऱ्या बायकांनी ती पाहिली आणि आता लांबून लांबून लोक ‘इसबाची बनियनं’ मागायला येतात. तुझा दादा म्हणतो, शिलाई मशीनवर डॉक्टर अशी पाटी लाव.

तुझा धंदाच मुलांच्या कातडीचा. तुमच्या मोठ्या लोकांच्या कानावर हे घाल. माझ्या एकटीच्या पोरीला गुण यावा आणि बाकीच्यांनी खाजवत बसावं, हे काही बरं नाही. तू शाळेत होतीस तेव्हा मी या घरात आले आणि तुझ्या वेण्या घातल्या, तेवढ्या हक्काने सांगते आहे.

लोभ आहेच. तो उसवू देऊ नकोस.
तुझी वहिनी

--------

१८ जून

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझा हक्क मान्य, वेण्या घट्ट घालायचीस हेही अजून लक्षात आहे. म्हणून एक बनियन पिशवीत घालून मी बैठकीला गेले.

आम्ही पाच रुग्णालयांचे डॉक्टर आता एकत्र काम करतो. एकेकट्या दवाखान्यात पन्नास-साठ पोरं तपासून काही ठरत नाही, कुणाचं ऋतू बदलला म्हणून बरं होतं, कुणाचं आपोआप. पाचांची मुलं मिळाली तर काही खात्रीने बोलता येतं. दर वेळी आम्ही पालकांनाही बोलावतो आणि विचारतो, तुम्हाला कशाचं उत्तर हवं आहे. तुझं बनियन टेबलावर ठेवलं तेव्हा एक ज्येष्ठ डॉक्टर हसले. पण पालकांपैकी जवळजवळ प्रत्येक जण ते हातात घेऊन उलटसुलट करून बघत होता. कपडे कुठले घालावेत हा प्रश्न सगळ्यांचाच निघाला. तेव्हा ठरलं, रीतसर अभ्यास करून बघायचंच.

अर्ध्या मुलांना तुझ्या नमुन्याची बनियनं आणि नेहमीचं मलम, अर्ध्यांना नुसतं मलम. कोण कुठल्या गटात ते चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवणार, आमच्या हातात काही नाही. कपडे एक कारखाना शिवून देईल. आता रागावू नकोस: भिंगरी यात नाही. ती माझी भाची आणि नमुना तिच्या आईचा, तिला घेतलं तर उद्या कुणीही बोट दाखवेल.

दादाला म्हणावं, दिवा विझव.
आहे तशीच माया असू दे.
तुझी ठमी

--------

२ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले होते, पण आता राग उतरला. कारखान्याचं बनियन मात्र मी इथल्या रुग्णालयातून बघून आले. शिवण बरी आहे. बरी म्हणजे बरी. बगलेत कापड थोडं जास्त सोडायला हवं होतं, हे तुमच्या लोकांना सांग.

आता एका अडचणीसाठी लिहिते आहे. आपल्या समोर शाळेतली बाई राहते ना, जिचा मुलगा भिंगरीच्या वर्गात आहे. त्यालाही इसब आहे, आणि तोही तुमच्या अभ्यासात आहे. त्याच्या वाट्याला नुसतं मलम आलं. काल ती दुकानात आली, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली आणि मग म्हणाली की दोन बनियनं गुपचूप शिवून द्या, तपासणीच्या दिवशी काढून ठेवीन, कुणाला कळणार नाही. तिच्या पोराच्या मनगटांची दशा मी रोज बघते. कापड समोरच्या फळीवर पडलेलं, माप डोळ्यांत बसलेलं. हो म्हणायला मला काय लागत होतं. पण तोंडातून हो निघेना आणि नाहीही निघेना. चार-आठ दिवसांनी सांगते म्हणाले.

तुझा दादा म्हणतो, ठमीला विचार. म्हणून विचारते. लवकर लिही, बाई आज सकाळपासून खिडकीतून बघते आहे.

तुझी,
पेचात सापडलेली वहिनी

--------

६ ऑक्टोबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि लगेच लिहायला बसले.

तिला सांग, अभ्यासातून ती कधीही बाहेर पडू शकते. कुणी कारण विचारणार नाही, मुलाचे उपचार तसेच चालू राहतील, आणि मग तू त्याला हवी तेवढी बनियनं शिव. पण आत राहून गुपचूप नको. असं चार घरांनी केलं तर उत्तर खोटं निघेल, आणि ते खोटं उत्तर आम्ही हजारो आयांना सांगू.

आणि वहिनी, एक गोष्ट. बनियनाने गुण येतो हे आपल्याला वाटतं, ठाऊक नाही. ठाऊक असतं तर मी कुठल्याच मुलाला त्यावाचून ठेवलं नसतं. तेव्हा तू त्याच्या तोंडचा घास काढून घेते आहेस असं मनात आणू नकोस.

इथली गंमत सांगते. आमच्या परिचारिकेला कोणता मुलगा कुठल्या गटातला हे कळू द्यायचं नाही, म्हणून पोरांना बजावलेलं असतं की तिला काही बोलू नका. काल एक चार वर्षांचे गृहस्थ आत आले आणि म्हणाले, “माझ्याकडे मऊ बनियन आहे, पण ते मी तुला सांगणार नाही.” ती बिचारी हसू दाबत बाहेर गेली आणि त्याला दुसरीने तपासलं.

काय झालं ते कळव.
तुझी ठमी

--------

१५ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस तसंच्या तसं तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. अभ्यास सोडणार नाही म्हणाली, सुरू केलंय तर पुरं करीन. पण त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. समोरासमोर आलो की तिला पिशवीत काहीतरी शोधायचं असतं. मी बरोबर वागले हे मला कळतं, पण भाजी निवडताना, काजं करताना त्या पोराची मनगटं आठवतात. तुमचं उत्तर लवकर शोधा बाई.

भिंगरी मजेत आहे. तुझा दादा तिला रोज रात्री मलम लावताना पाढे म्हणायला लावतो, त्यामुळे तिचे पाढे पक्के झाले आणि मलमाचा कंटाळाही पक्का झाला.

तुझी वहिनी

--------

११ ऑगस्ट

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. आता सरळच लिहिते.

गेल्या महिन्यात अभ्यास संपला आणि सोमवारी पाची रुग्णालयांची मंडळी जमली. आमचे आकडेबुवा, म्हणजे सगळी गणितं करणारे गृहस्थ, त्यांनी निकाल पडद्यावर दाखवला. दोन्ही गटांतली मुलं सुधारली, आणि सारखीच सुधारली. खाज, लाली, झोप, काहीही घे. वहिनी, बनियनांनी फरक पडला नाही.

मी हात वर करून विचारलं, कुठे चूक नाही ना झाली. आकडेबुवा म्हणाले, तुम्ही विचारणार हे ठाऊक होतं, म्हणून मी दोनदा तपासलं. ते ज्येष्ठ डॉक्टर मात्र या वेळी हसले नाहीत. उलट म्हणाले की हा प्रश्न विचारायलाच हवा होता, कारण महागडे कपडे इसबावर औषध म्हणून सगळीकडे विकले जातात आणि गरीब आईबाप ते घेतात.

मग भिंगरी कशाने बरी झाली, असं तू विचारशील. मी आठवून पाहिलं. ज्या महिन्यात तू बनियनं शिवलीस, त्याच महिन्यात मी घरी होते आणि दादाला मलम किती नि कसं लावायचं ते शिकवलं होतं. त्याआधी तुम्ही दोघं भीत भीत मोहरीएवढं लावत होतात. अभ्यासातल्या सगळ्याच पालकांना आम्ही ते शिकवलं, म्हणून दोन्हीकडची मुलं सुधारली.

तुझ्या दुकानात लोक त्याच बनियनांसाठी येतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच पत्र फाडत होते. रागावलीस तरी चालेल, पण लिही.

तुझी ठमी

--------

३० ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले. तुझ्यावर, आकडेबुवांवर, कारखान्याच्या बगलेवर. त्या दिवशी एका झग्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या आणि उसवत बसले. तुझा दादा घरात मांजरासारखा पाय न वाजवता हिंडत होता. पण सगळं श्रेय मलमाचं, म्हणजे पर्यायाने त्याचं, हे त्याने तुझ्या पत्रात वाचलं होतं. दोन दिवस त्याने कसंबसं तोंड बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी मिशीला पीळ द्यायला लागला. मग मलाच हसू फुटलं.

उसवता उसवता एक मात्र ध्यानात आलं. म्हणजे समोरच्या पोराचं मी काही हिरावून घेतलं नव्हतं. वर्षभर उरावर ठेवलेला धोंडा गेला. तशीच उठले, हातातली सुई ओढणीला टोचली आणि समोर गेले. बाईलाही रुग्णालयातून निकाल कळला होता. तिने दार उघडलं, क्षणभर पिशवी शोधली, जवळ पिशवी नव्हती. मग म्हणाली, “आत या.” पोराची मनगटं बघितली, साफ आहेत. आम्ही दोघी बराच वेळ बसलो. चहा दोनदा झाला.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाटी लावली. दादाच्या अक्षरात आहे, कारण माझं अक्षर गिऱ्हाइकाला वाचता येत नाही: ‘ही बनियनं मऊ आहेत. अंगाला टोचत नाहीत. यांनी इसब बरा होत नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे जा.’ काही जण वाचून परत गेले. जाऊ देत. काही जण घेऊन जातात, न टोचणारं बनियन कुणालाही आवडतं. धंदा थोडा बसला, पण शाळेच्या गणवेशांचं काम समोरच्या बाईने मिळवून दिलं आहे, तेव्हा मशीन काही गंजत नाही.

राहिली भिंगरी. तिला सगळं समजावून सांगितलं की बनियनाचा नि इसबाचा संबंध नाही. तिने नीट ऐकलं. मला वाटलं, पोर हिरमुसणार, आईने एवढं शिवलेलं. तर म्हणाली, “मग आता मला झालरीवाला फ्रॉक चालेल?” अगं, दीड वर्ष पोरीने साधी, पांढरी, उलट्या शिवणीची बनियनं घातली, एकदा कुरकुर केली नाही, आणि मनात हे होतं. मी लागलीच कापड काढलं. तीन झालरी लावल्या, खांद्यावर फुगे, मागे गाठ मारायला पट्टा. आज सकाळपासून ती अंगणात गिरक्या घेते आहे, चक्कर येऊन बसते आणि पुन्हा उठते. मघाशी एक कोपर खाजवलं. तुझा दादा मलमाची नळी घेऊन मागे धावला आहे आणि ती झालरी सावरत पुढे.

मला उठायला हवं, दोघांपैकी एक जण पडणार आहे.

तुझी वहिनी