साहेब खलास

माबेला, मस्कत
१२ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नुसती घूं घूं ऐकू येते, म्हणून लिहितो. हुसैनमियाँ हमरियातलं दुकान भावावर सोपवून शृंगारतळीला येतायत, त्यांच्याबरोबर खजूर पाठवलाय. सगळा शेजारी वाटू नकोस.

आमची वकिलात ज्या देशाची, तिथे क्रांती झाली हे तू टीव्हीवर पाहिलंसच. झेंडासुद्धा बदलला. आमचे जुने साहेब, म्हणजे राजदूत, एका दिवसात खलास. आता नवीन यायचेत. ते आले की जुन्या साहेबांची माणसंही खलास करतील, असं सगळे बोलतात. मी तर त्यांची गाडी चालवणारा, माझा नंबर पहिला. मी गेलो की रेवा आणि कौशिकही मागोमाग, कारण त्यांचा व्हिसा माझ्यावर. कौशिकची दहावीची परीक्षा होईपर्यंत टिकलो तरी पुष्कळ. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

माया आहेच, ती अशीच असू दे.
तुझा धनेश

पालशेत
२० जानेवारी

चि. धनेश यास अ. उ. आ.

मुडद्या, साहेबाला मारलं आणि आता तुझा नंबर, हे लिहून वर खजूर वाटू नकोस म्हणतोस? हुसैनमियाँ पिशवी देऊन घाईत गेले, नाहीतर त्यांनाच विचारलं असतं. गावभर झालंय. बायका येऊन बसतात. त्या साहेबाचंही वाईट वाटलं रे, दिवाळीला आठवणीने मिठाई द्यायचा. त्याच्या नावाने मी घरात गोड केलेलं नाही. खजूर तसाच पडलाय.

दहावी गेली चुलीत. शिर सलामत तर पगडी पचास. भांडीकुंडी तिथेच टाक आणि दोघांना घेऊन मिळेल त्या विमानाने ये. गुरवाकडून देवीला गाऱ्हाणं घातलंय, की माझी तिन्ही माणसं धडधाकट घरी आण. मला फार भीती वाटते.

आशीर्वाद आहेत, पण तू समोर हवास.
तुझी आई

माबेला
४ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

अगं, साहेबांना कुणीही मारलेलं नाही. ते मुलीकडे राहून नातवंडं खेळवतायत. इथे राहून माझी जीभ बिघडली. इथे खलास म्हणजे संपलं, आटोपलं. जेवण खलास, काम खलास, पेट्रोल खलास. तसं त्यांचं पद खलास. मला भीती होती ती नोकरीची. तुझं पत्र ऐकून रेवा इतकी हसली की पोळी करपली.

पण पुढचं ऐक. काल नवीन साहेब आले. विमानतळावर गाडी घेऊन मीच, नवा झेंडा गाडीवर, तुझं पत्र खिशात. उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, की आधीच्या राजदूतांची गाडी कोण चालवायचं. बाकीचे जमिनीकडे बघायला लागले. मी म्हटलं, मीच. त्यांनी मला नीट न्याहाळलं, हात झटकला आणि म्हणाले, "खलास."

आई, इतकी वर्षं इथे काढली, पण तेव्हा तो शब्द मला तुझ्याच कानाने ऐकू आला. दार उघडायचंही सुचेना. शेवटी साहेबच दार उघडून आत बसले आणि म्हणाले, की झालं गेलं संपलं, कुणाची गाडी चालवलीस ते पुन्हा सांगू नकोस, मला नीट ने म्हणजे झालं. आज सकाळी माझ्या करारावर त्यांची सहीसुद्धा झाली. नोकरी आहे. कौशिक परीक्षेला बसतोय, तेवढं त्याचंच तोंड उतरलंय.

राग गेला असेल तर दोन ओळी लिही.
तुझा धनेश

पालशेत
१५ फेब्रुवारी

चि. धनेश यास अ. उ. आ.

आधी पोटभर रडले, मग खजूर काढला. समाचाराला आलेल्या प्रत्येकीच्या हातावर ठेवून सांगितलं, की साहेब जिवंत आहे. एकीने तर तो मेला नाही म्हणून तोंड वाकडं केलं. आता गावाला मी कुठल्या तोंडाने सामोरी जाऊ, ते तूच सांग. पुन्हा पत्रात अरबी घातलीस तर बघ.

सकाळी गाऱ्हाणं उतरवायला गेले. गुरव अडला. तिन्ही माणसं घरी आण असं मागितलं होतंस, ती तर आली नाहीत, मग देवीला आता सांगू काय, म्हणाला. मी नारळ ठेवला, हात जोडले आणि मीच म्हटलं, "बाय माझे, खलास."

गुरवाला काही कळलं नाही. पण देवीला कळलं असणार. इथली एवढी माणसं तिकडे राहतात आणि प्रत्येकाचं गाऱ्हाणं हिच्याचकडे येतं. तिला अरबी येतच असेल.

परीक्षा झाली की तिघं या, मायेचं बाकीचं तेव्हा बघू.
तुझी आई