वर्तुळातली वरची जागा

रविवार, ७ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही ठीक. तुझा गुडघा कसा आहे? माझ्या धाकट्या लेकीला ताप होता, उतरला. पत्र तुझ्या शेजारच्या काकूंच्या हाती पाठवतेय, कारण फोन केला की आधी भाऊजी उचलतात. घरात ते माझे भाऊजी, पण कारखान्यात मुकादम. वाचून झालं की पत्र फाडून टाक.

तुला न सांगता एक उद्योग केलाय. आमच्या धुलाई कारखान्यात वाफेने दोघींचे हात भाजले, तरी मालक यंत्राला झाकण बसवत नाही. म्हणून आम्ही बायकांनी अर्ज लिहिला. पण पहिली सही कोण करणार? पहिली सही करणारी घरी बसते, हे ठरलेलं. तेव्हा इस्त्रीवाली मावशी म्हणाली, "ताटली ठेवून गोल काढा नि भोवतीनं सह्या करा. पूर्वीचे कामगार असंच करायचे. कोण पहिली, ते बसू दे शोधत त्याला." धुण्याच्या सोड्यानं मावशीच्या अंगठ्यावर रेघच उरली नाही. तिचा ठसा म्हणजे नुसता निळा डाग.

सगळ्यांच्या सह्या झाल्या, पण माझ्या मनात पाल चुकचुकत होती. आज सुट्टी, म्हणून कामगार चळवळीच्या ग्रंथालयात गेले. छतापर्यंत पुस्तकं, सगळी समाजवादावरची नि कामगारांवरची, आणि आत कामगार म्हणावी अशी मी एकटीच. ग्रंथपाल बाईंनी एक जुना गोल अर्ज काढून दिला. त्याच्याशेजारी आमचा ठेवला आणि चूक दिसली.

त्या जुन्या कामगारांनी मजकूरही गोल लिहिला होता. आमचा मजकूर मधोमध, सरळ ओळींत. वाचायला कागद धरला की एकच नाव बरोबर डोक्यावर येतं. ते माझं आहे.

तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मजकूरही गोल लिही."

वळून पाहिलं तर भाऊजी. मालकाचा उजवा हात तिथे काय करत होता, देव जाणे. ते चष्मा पुसत निघून गेले.

ताई, मला फार भीती वाटतेय. नोकरी गेली तर मुलींना काय खायला घालू? नवा कागद गोल लिहून काढलाय. उद्या सकाळी पुन्हा सह्या घेऊन तो मालकाला द्यायचा आहे. पण भाऊजींनी आमचा पहिला कागद पाहिलाय. त्यांनी मला वाचवलं, की नुसती माझी खात्री करून घेतली? इतकी वर्षं तू त्यांच्याबरोबर संसार केलास, तुलाच ठाऊक. काकूंजवळ आज रात्रीच एक शब्द सांग. 'दे' किंवा 'फाड'. तू म्हणशील तसं करीन.

अजून वरच्याच जागेवर असलेली,
तुझी धाकटी