दुर्दैवाने म्यूटेशन नाही

३ मार्च, मंगळवार

रिपोर्ट आला. म्यूटेशन नाही! भावजयीने हॉस्पिटलच्या जिन्यातच मला मिठी मारली. "ताई, निगेटिव्ह आलंय, निगेटिव्ह!" मीही रडले. तीन आठवड्यांपूर्वी धाकट्या भावाच्या डोक्यातून लिंबाएवढी गाठ काढली, तेव्हापासून डोळे कोरडे ठक्क होते. आज पाणी आलं.

मग आत गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, "दुर्दैवाने म्यूटेशन नाही."

दुर्दैवाने?

४ मार्च

दिवसभर कोर्टात साक्षी उतरवल्या. बावीस वर्षं तेच करतेय — लोक बोलतात, मी लघुलिपीत टिपते, अर्थ लावायचं काम न्यायाधीशसाहेबांचं. आज एका साक्षीत "नाही"च्या जागी "आहे" टिपलं. साहेबांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं.

६ मार्च

पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे. धाकटा, भावजय, मी. या वेळी वही काढली आणि शब्दन् शब्द टिपला. इथे उतरवून बघते, कळतंय का.

म्हणाल्या — मेंदूतल्या अशा गाठींच्या ढोबळ दोन जाती. एकीत ठरावीक जनुकात बदल, म्हणजे म्यूटेशन, झालेला असतो. ती सावकाश वाढते, रक्तवाहिन्या फारशा गोळा करत नाही. दुसरीत तो बदल नसतो. ती हावरट. स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते — वेड्यावाकड्या, गळक्या — आणि त्यांच्यावर पोसते. रिपोर्टप्रमाणे धाकट्याची दुसरी.

"म्हणजे बिघाड झालेला बरा?" मी विचारलं.

"बरा नाही. कमी वाईट."

आमच्या कोर्टात कागदात फेरफार सापडला की माणूस अडकतो. इथे फेरफार सापडला नाही म्हणून अडकलाय!

धाकट्याने सरळच विचारलं, "किती?" लिफ्टचा मेकॅनिक तो. भार किती, मजले किती, एवढंच विचारायची सवय. "वर्ष, सव्वा वर्ष. उपचार धरून." भावजय खिडकीबाहेर बघत राहिली. तो म्हणाला, "ठीक."

ठीक काय ठीक!

९ मार्च

भावजय म्हणाली, "तुमच्या घराण्यात कुणाला होतं का? लपवू नका. मला पोरीचं कळायला हवं." पोरगी आठ वर्षांची, आतल्या खोलीत गणितं सोडवत होती. मी वही उघडून दाखवली — हा बदल असला काय, नसला काय, त्या गाठीपुरता. आईबापांकडून आलेला नाही, लेकराकडे जात नाही.

"मग गाठ आली कुठून?"

ते वहीत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच नव्हत्या. दोघी भांडी घासत राहिलो. एकच ताट दोनदा.

१२ मार्च

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं म्हणून गाठीचे नमुने आणायला लॅबमध्ये गेले. तळघर, नाकात जाणारा उग्र वास. तिथल्या डॉक्टर — मी त्यांना लॅबच्या बाईच म्हणते — सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसल्या होत्या. मी कोण ते ऐकलं आणि म्हणाल्या, "बरं झालं आलात. बघायचंय?"

आधी शिकवायला ठेवलेली, दुसऱ्या कुणाच्या गाठीची एक जुनी काच दाखवली. गुलाबी-जांभळ्या पसाऱ्यात रक्तवाहिन्यांचे गुंतेच गुंते, मांजराने लोकरीचा गुंडा उसकटावा तसे. "बदल नसलेली गाठ बहुधा अशी दिसते." मग धाकट्याची काच. वाहिन्या बारीक, नाजूक, शहाण्यासारख्या फांद्या फुटलेल्या. गुंता कुठेच नाही. मलासुद्धा दिसलं!

"हेच मला जुळत नाहीये. आपण केली ती रंगाची चाचणी. ती नेहमी आढळणारा एकच बदल पकडते. त्या जनुकातले दुर्मीळ बदल तिच्यातून निसटतात. पूर्ण जनुक वाचून घ्यायला पाठवते. तीन आठवडे लागतील."

"म्हणजे बदल असेल?"

"असेलही, नसेलही. घरी एवढ्यात सांगू नका. नाही निघाला तर दुसऱ्यांदा कोसळतील सगळे."

मी मान डोलावली. डोलवायला नको होती का?

१३ मार्च

नाही सांगितलं. जेवताना दोनदा ओठांवर आलं होतं.

१९ मार्च

रेडिएशन सुरू झालं. तोंडावर जाळीचा मुखवटा ठेवून टेबलाला आवळतात. बाहेर आला तेव्हा गालांवर जाळीचे वळ. हॉस्पिटलच्या फाटकाजवळ बाक आहे, तिथे बसला. "ताई, एक सांगायचंय. त्या मुखवट्याखाली पडलो की तेच दिसतं."

चार वर्षांपूर्वीचा लिफ्टचा अपघात. मला एवढंच ठाऊक होतं की उस्तादची चूक झाली — उस्ताद म्हणजे ज्याने धाकट्याला काम शिकवलं तो म्हातारा मेकॅनिक — आणि कंपनीने त्याला काढलं.

"उस्तादची नव्हती. तपासणीची पाळी माझी होती. पोरीच्या शाळेत कार्यक्रम होता, मला पळायचं होतं. वर गेलोच नाही. तपासणीच्या कागदावर बसल्या जागी खुणा केल्या आणि खाली उस्तादची सही ठोकली. तो कितीदा माझं काम करायचा, म्हटलं, काय फरक पडतो!"

दुसऱ्या दिवशी पाचव्या मजल्यावर दार उघडलं आणि आत लिफ्टच नव्हती. झाडलोट करणारी बाई खाली पडली. तिसऱ्या मजल्यावर थांबलेल्या लिफ्टच्या टपावर, मजलाभरच पडली म्हणून वाचली. कमरेचं हाड गेलं.

"उस्तादने विचारलं नाही तुला?"

"नाही. नुसतं बघितलं माझ्याकडे. त्याची जागा मला दिली, ताई. मी घेतली."

माझा भाऊ! शाळेत कुणाचा खोडरबर चुकून घरी आला तर रात्रभर तळमळणारा. मी त्याचा हात धरला की नाही, आठवत नाही.

२३ मार्च

धाकटा म्हणाला, "माझी कबुली टाइप करून दे. मी बोलतो, तू घे. कंपनीत देतो नेऊन. पोलिसांकडे गेलं तरी जाऊ दे, मला कोण किती दिवस बसवणार?"

हसला! मी म्हटलं, मशीन बिघडलंय. धडधडीत खोटं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शपथा ऐकल्या आणि घरात हे.

पण करू काय? नोकरी जाईल. भावजय, पोरगी, औषधं. आणि बदल निघाला तर? तर हा माणूस वर्षानुवर्षं जगणार आहे आणि सगळं स्वतःला निस्तरावं लागणार आहे. हे त्याला कळायला नको का? पण नाही निघाला, तर मी कोण त्याला अडवणारी?

आणि ती बाई. तिच्या कमरेचं काय? तिचा विचार मला चौथ्या नंबरवर आला.

२४ मार्च

लॅबला फोन केला. "अजून नाही."

२६ मार्च

"अजून नाही हो."

३० मार्च

शेवटी टाइप केलं. तो बोलला, मी घेतलं. बोट एकदाही अडलं नाही, सवयच तशी. वाचून हसायला लागला. "यात मी कुठे आहे? हा 'सदर इसम' कोण?"

"अशीच लिहायची रीत आहे."

"मग तुझ्या रीतीने कुणाला खरं वाटायचं नाही. मी हाताने लिहितो."

मी म्हटलं, हप्ताभर थांब. का, म्हणाला. उगीच, म्हटलं. "ताई, माझ्याकडे हप्ते मोजके आहेत." भावजय दारात उभी होती. तिला सगळं माहीत आहे — त्याने काल सांगितलं. मला वाटलं ती अडवेल. ती म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. झोप तरी लागेल."

सांगून टाकावं का? आत्ता, इथेच? सांगितलं आणि खोटं ठरलं तर? नाही सांगितलं आणि खरं ठरलं तर? तोंड उघडलं. त्याला वाटलं खोकला आला. पाणी आणून दिलं.

१ एप्रिल

टेबलावर त्याचा कागद. ओळी उजवीकडे उतरत गेल्यात. पहिलंच वाक्य — "वर मी गेलो नव्हतो."

३ एप्रिल

साडेअकराला लॅबच्या बाईंचा फोन. बदल आहे! दुर्मीळ, पण आहे. "लोक दहा-दहा वर्षंही काढतात. हमी देत नाही, पण ते सव्वा वर्ष आता विसरा." साहेबांना न विचारता कोर्टातून निघाले, घराचे तीन मजले धावत चढले. धाकटा दाराशी स्टुलावर बसून बूट काढत होता. सगळं सांगितलं, बारा तारखेपासूनचं. तो ऐकत राहिला, एक बूट हातात.

"मी आत्ताच कंपनीत कागद देऊन आलो."

हातातला बूट खाली ठेवला. "म्हणजे चौकशीला मी असणार! उस्तादसमोर. त्या बाईसमोर."

आणि मग — "आधी सांगितलं असतंस तर गेलो नसतो मी."

रागाने म्हणाला का, ते विचारायचा धीर झाला नाही. दुसरा बूट मी काढला.