दारावरच्या फुल्या

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावजींचा गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. इथे मात्र तुझ्या नर्सबाई बहिणीने मोठा घोळ घालून ठेवला आहे.

खाणीमागच्या वस्तीत एका बाळाला गोवर निघाला. तिथल्या बासष्ट मुलांना लस मिळालेलीच नाही. दवाखाना दीड तासाच्या वाटेवर, आणि गेलं की आईचा रोज बुडतो. आमच्या संस्थेला त्यासाठीच निधी मिळाला, म्हणून सोमवारी मी हुरुपाने घरोघर फिरले. जिथे लस राहिलेलं मूल, त्या दारावर खडूने फुली मारली. आमची नेहमीची पद्धत.

मंगळवारी नेहमीप्रमाणे सकाळी दहाला लसींची पेटी घेऊन गेले, तर वस्तीत चिटपाखरू नाही! मागच्या वर्षी घरं पाडायला आलेल्यांनीही आधी अशाच फुल्या मारल्या होत्या म्हणे. लोक भांडीकुंडी उचलून नातेवाइकांकडे पसार झाले, आजारी बाळाची आईसुद्धा. ताई, आता गोवर कुठे कुठे पोचेल? घास उतरत नाही गं.

माया असू दे.
तुझी धाकटी


ता. ७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

शहाणे, आधी जेव. लहानपणीही तू आधी करायचीस आणि मग विचारायचीस.

तू कितीही गोड बोललीस तरी त्यांच्या लेखी तू पेटीवाली परकी बाई. वस्तीचं जिच्यावाचून अडतं अशी बाई शोध. निधी आहे ना? मग तिला रीतसर पगारावर घे, फुकट राबवू नकोस. आणि सकाळी दहाचा हट्ट सोड, आया कामावरून परतल्या की जा.

भावजींनी निरोप दिलाय, आमच्या दारावर काही काढायचं असेल तर आधी कळव.

तब्येतीला जप, पत्राला उशीर नको.
तुझी ताई


ता. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावली असशील. रागाव, पण आधी हे वाच.

वस्तीच्या तोंडाशी एक शिलाईवाली बसते. तिने आधी मला चांगलंच फैलावर घेतलं. मी चूक कबूल केली. मग तिने मापांची वही काढली. वस्तीतलं प्रत्येक मूल त्यात आहे, आणि कोण कुठल्या मामा-मावशीकडे गेलं असेल हे तिला तोंडपाठ! संस्थेने तिला कामावर घेतलं. तिने स्वतः फिरून एकेक घर परत आणलं. तिच्याच दुकानात, मशीन भिंतीला सरकवून, रोज संध्याकाळी आम्ही लस दिली. आठ दिवसांत बासष्टच्या बासष्ट!

तरी माझा जीव टांगणीलाच होता. तीन आठवडे रोज पुरळ शोधत फिरले. नवीन एकही नाही, ताई. एकही नाही.

आजारी बाळाचीच काळजी होती. पार वाळून गेलं होतं. काल त्याची आई त्याला कडेवर घेऊन दुकानात आली, सदरा शिवायला. शिलाईवालीने माप घेतलं, तर आई म्हणाली की नेमक्या मापाचा नको, वाढत्या अंगाचा शिवा. मी तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, हमसून हमसून रडले.

भावजींना नमस्कार. तुझा हात डोक्यावर राहू दे.
तुझी धाकटी