ओळखीचा हात

ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी बरा आहे, प्रयोगशाळेतले माझे ससेही बरे आहेत. चाचण्या संपल्या की त्यांना इंजेक्शन देऊन मारायचं काम यापुढे मीच करायचं, असं साहेबांनी सांगितलं. मी नाही म्हणालो. चारापाणी करीन, पिंजरे धुवीन, पण या हातांनी जीव घेणार नाही असं दीक्षेच्या वेळी गुरूंना वचन दिलंय. साहेब म्हणाले, मग पगारही गुरूंकडूनच घ्या! शेवटी ते काम पलीकडच्या खोलीत काम करणाऱ्या काकांच्या गळ्यात पडलं. ते निवृत्तीला आलेत. माझी नोकरी वाचली, देवाची कृपा.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझा धाकटा

ता. १२ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझे भाऊजी चिडलेत. माझ्या शब्दावर नोकरी लागली, आणि हा मुंगीला वाट विचारून चालतो, असं म्हणाले. मी त्यांना गप्प केलं. पण लहानपणी तू विंचू पेल्याखाली धरून अलगद बाहेर सोडायचास आणि तो फिरून माझ्याच अंथरुणात यायचा, हे मी विसरलेले नाही हो! एक विचारते, रागावू नकोस. तू नाही म्हणालास म्हणून ससे वाचले का? आणि काकांना देव नाही का?

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहे तशीच आहे.

तुझी ताई

ता. २५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात होतं. मी चारा टाकत होतो आणि पलीकडून किंकाळी आली. ससा एरवी आवाज करत नाही, जिवावर बेतलं तरच ओरडतो. धावत गेलो. काकांचे हात थरथरतात, सुई चुकली होती. ससा टेबलाखाली आणि काका भिंतीला टेकून रडत होते. म्हणाले, तुझं पुण्य मला फार महाग पडतंय रे.

काल मी आपणहून गेलो. ससा मांडीवर घेतला. रोज माझ्याच हातून खाणारा. माझ्या कोपरात तोंड खुपसून गप्प बसला. मी नुसता धरणार होतो, ताई. पण काकांची सुई स्थिर राहीना. मग मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

तो ओरडला नाही.

भाऊजींना सांग, नोकरी पक्की झाली. मी अजून प्रार्थनेला बसलेलो नाही. तुझा लोभ तरी राहील ना?

तुझा धाकटा