सही माझी, शब्द त्यांचा

मी, निवृत्त टायपिस्ट, वय एकाहत्तर, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. मनही ठिकाणावर आहे असे लिहा, असे वकीलबाई म्हणाल्या. ते खोटे ठरेल.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलाला. "बाबांना तू मारलंस," असे दवाखान्याच्या जिन्यात बोलून तो गेला, तो या घराची पायरी पुन्हा चढला नाही. तरी घर त्याचेच.

२. नीतिशास्त्राची पुस्तके विद्यापीठातल्या आमच्या वर्गाला. निवृत्तीनंतर मी व यजमान एकाच बाकावर बसून शिकलो. कोणी कर्तव्याला मोठे मानतो, कोणी परिणामाला, कोणी करुणेला, कोणी नात्याला. वर्गात हे सगळे ऐकायचे आणि घरी येऊन दोघांनी भांडायचे. यंत्रावर जगवलेल्या माणसाचा विषय निघाला तेव्हा हे म्हणाले, "माझ्यावर वेळ आली तर काढून टाक. उगाच लोंबकळत ठेवू नकोस."

"श्वास आहे तोवर कुणाला हात लावू देणार नाही. तुमचं आपलं काहीतरीच!"

वर्गाच्या बाईंनी गुण मला जास्त दिले. हे फुगून बसले.

पुढे ह्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला, यंत्रावर ठेवावे लागले. आता शुद्ध येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. मुलगा म्हणाला, "आई, थांबू या ना गं." मलाही थांबायचेच होते. पण देह त्यांचा, शब्द त्यांचा. यंत्र काढायच्या कागदावर मी सही केली. माझे स्वतःचे मत आजही वर्गात होते तेच आहे.

३. यजमानांची घड्याळदुरुस्तीची हत्यारे कोपऱ्यावरच्या घड्याळजीला. उसना नेलेला चिमटा त्याने परत केलेला नाही, तोही त्याचाच.

४. नणंदेला काही नाही. सांत्वनाला आली आणि "शिकून हेच शिकलीस?" विचारून गेली.

५. मीही ह्यांच्यासारखी यंत्रावर पडले तर निर्णय मुलानेच घ्यावा. तसा वेगळा कागद केला आहे. हे इथे बसत नाही, असे वकीलबाई म्हणतात, बसवावे.

बाळा, तू हे वाचशील तेव्हा सगळे होऊन गेलेले असेल. यंत्र ठेवले असशील तरी माझी ना नाही, काढले असशील तरी नाही. कोणी तुला बोललेच, तर हे पान त्याच्यापुढे धर. आणि जेवून घे.

साक्षीदार : नीतिशास्त्राच्या बाई; वरच्या मजल्यावरची परिचारिका. दोघींसमक्ष सही केली.

स्थळ : राहते घर, जेवणाचे टेबल.
दिनांक : चार मार्च.
सही : तुझी आई